व्यासरावांचं हँडल

सायकलीचं हँडल ही काही निवडायची वस्तू असते, हे मला मद्रासला जाईपर्यंत ठाऊक नव्हतं. साताऱ्याला आमच्या घरी एक सायकल होती, तिला एक हँडल होतं, आणि ते वाकडं झालं की काका पुढचं चाक मांड्यांत धरून एक हिसका द्यायचे. विषय संपला. पण मद्रासजवळ अंबत्तूरला आम्हाला शेजारी मिळाले व्यासराव, आणि पुढे हँडलाशिवाय दुसरा विषय माझ्या कानांवर पडेनासा झाला. आता ते सगळं आठवलं की अंगावर काटा येतो. त्या माणसाचा उजवा हात जात होता, आणि तो, त्याची बायको, त्याचे सायकलवाले मित्र, सगळे मिळून हँडलं निवडत बसले होते.

आमच्या ह्यांची बदली तिकडच्या लष्करी कारखान्यात झाली, साठ सालानंतरची गोष्ट. एका घराचे दोन भाग, त्यांना तिथे पोर्शन म्हणायचे. पुढच्या पोर्शनमध्ये आम्ही, मागच्यात व्यासराव, त्यांची बायको अंबुजा आणि लहानगी मुलगी. विहीर एकच. पहिल्याच सकाळी विहिरीवर अंबुजा मला म्हणाली, "तुम्ही तर आमचेच जन कीं हो, अक्का! दोर हळू सोडा, रहाट मोडका आहे." मी घागर धरून उभीच राहिले. तंजावरकडची ही मराठी माणसं, कितीतरी पिढ्या तिकडेच. बोलायला लागली की जुनी पोथी उघडून बसल्यासारखं वाटे, आणि मध्येच त्या पोथीत तमिळ 'सेरि' आणि 'अय्यो' यायचं.

व्यासराव सरकारी हिशेबाच्या कचेरीत होते. अंगाने शेवग्याची शेंग, पण पोटऱ्या अशा की वरवंटे ठेवलेत. अंबत्तूरहून शहरात जायला सगळं जग लोकल गाडी पकडायचं, हे सायकलने जायचे. ती सायकलही साधी नाही. शर्यतीची, बारीक टायरांची, आणि पुढे ते हँडल, एडक्याच्या शिंगांसारखं खाली वळून परत मागे आलेलं. ते धरायला माणसाला पाठ मोडून ओणवं व्हावं लागतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी ह्यांना म्हटलं, "हा मनुष्य रस्त्यात काही शोधतोय का?"

ती सायकल बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून असायची. पाहुण्याला चटई आणि सायकलीला भिंत, असा त्या घरचा रिवाज. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिकडे सगळे आपापल्या हत्यारांची पूजा करतात. अख्खं अंबत्तूर आपल्या सायकलींना झेंडूचे हार घाली. व्यासराव हँडलाला नुसतं चंदनाचं बोट लावायचे, त्यावर कुंकू, आणि मोगऱ्याचं एकच फूल. "हँडलास ओझें नको, अक्का," म्हणायचे. मग चाकाखाली लिंबू ठेवून ते चिरडायचं आणि मुलीला दांडीवर बसवून गल्लीच्या टोकापर्यंत एक फेरी. अंबुजा दारात उभी राहून हसायची. चांगलं घर होतं हो ते. मला साताऱ्याची आठवण यायची ती त्या घरात गेलं की जायची.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "पाय बळ देती, हात बुद्धी देती." पाय काय, गाढवालाही चार असतात म्हणे. खड्डा कुठे, वारा कुठून, मागचं चाक कधी घसरणार, हे सगळं रस्ता हँडलातून हाताला सांगतो. म्हणून हँडल आपल्या हाताचं हवं. दुसऱ्याचं हँडल म्हणजे दुसऱ्याचा चष्मा. मी भाजी निवडता निवडता ऐकायची. गाढवापुढे गीता, दुसरं काय.

मग त्यांच्या उजव्या हाताची करंगळी झोपायला लागली.

झोपायला लागली हा त्यांचाच शब्द. आधी लांबच्या रपेटीनंतर झोपे, घरी आल्यावर जागी होई. मग शेजारचं बोटही झोपू लागलं. त्यांचा गुरू म्हणावा असा एक होता, पेरांबूरच्या रेल्वे कारखान्यातला डिकॉस्टा, जुना शर्यतवाला, केस पांढरे, तोंडात सदा न पेटवलेली सिगारेट. रविवारी सकाळी रपेटीहून परतताना तो कॉफीला यायचा. त्याने करंगळी बघितली आणि हसला. म्हणाला, ही तर आपल्या धंद्याची खूण! प्रत्येक सायकलवाल्याला होतं. हँडलावर तळव्याचा हा कोपरा दाबला जातो, शीर चेपते, करंगळी आणि तिची शेजारीण झोपते. हँडल बदल.

आणि खोटं नव्हतं ते. मी नंतर ज्या ज्या सायकलवाल्याला विचारलं, त्याने हेच सांगितलं. हँडलाने करंगळी झोपतेच. पुढचं त्यांच्या मनात आलं नाही, कारण आधीचं उत्तर हाताशी तयार होतं.

पहिलं हँडल बदललं ते रुंदीसाठी. डिकॉस्टाचा नियम असा की हँडल खांद्यांइतकं रुंद पाहिजे. म्हणून व्यासराव उघडे जमिनीवर पालथे पडले आणि अंबुजाने सुतळीने खांद्याच्या हाडापासून हाडापर्यंत माप घेतलं. मी दारात. अंबुजा म्हणाली, "अक्का, ह्या कोपराच्या वर पाहा, शिबें उठलें आहे." फिकट चट्टा होता, रुपयाएवढा. व्यासराव पडल्या पडल्या म्हणाले, "उन्हाचें आहे तें. बाही वर सरकते म्हणून." मी म्हटलं, "गंधक लावा." तिने लावलंही. चट्टा तसाच राहिला, पण चट्ट्याकडे कोण बघतो? खांद्याचं माप मिळालं, रुंद हँडल आलं, आणि करंगळी झोपलेलीच.

दुसरं हँडल उथळ आणलं, म्हणजे शिंगं कमी खोल, फार वाकायला नको. मग फीत जाड केली. हँडलाला सुती पांढरी फीत गुंडाळायची असते. अंबुजाने तिच्याखाली जुन्या धोतराच्या पट्ट्या घालून दिल्या. डिकॉस्टा दर रविवारी यायचा, फीत चाचपायचा, मान डोलवायचा. एव्हाना करंगळी किंचित आत वळली होती. शर्टाची बटणं अंबुजा लावून द्यायची.

आणखी एक सांगते. अंबुजाची कॉफी म्हणजे उकळता रस. पितळेच्या पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात ओतल्याशिवाय कुणाची तोंडाला लावायची बिशाद नव्हती. आमचे हे तर माझ्या पदराने पेला धरतात म्हणून मी त्यांना चिडवायची. एकदा व्यासरावांनी तो पेला उजव्या हातात सरळ धरला, तळव्यात, आणि गप्पा मारत राहिले. हे म्हणाले, "व्यासराव, हात आहे की चिमटा?" सगळे हसलो. व्यासरावही हसले, छाती जरा पुढे काढून. संध्याकाळी तळव्यावर भलामोठा फोड. "हँडलानें आला," म्हणाले ते. फोडाचाही आळ हँडलावर!

पोंगलनंतर, म्हणजे आपल्या संक्रांतीनंतर, तिकडे एक शर्यत असायची, श्रीपेरुंबुदूरपर्यंत जाऊन परत. व्यासरावांनी चाळिशी ओलांडली होती. ही शेवटची, असं ते स्वतःच म्हणायचे. ह्यानंतर तरुण पोरांच्या मागे धावण्यात शोभा नाही. पण ही एक नीट मारायची होती. आणि हाताची तक्रार राहिली तर ती होणार नव्हती. म्हणून नवीन हँडल हवं होतं, अगदी त्यांच्या हाताचं.

ते निवडायला आम्ही मूर मार्केटला गेलो. मला आणि अंबुजाला जुनी शिवणयंत्रं बघायची होती, म्हणून बरोबर. विलायती माल तेव्हा नवा मिळतच नसे, पण मूर मार्केटच्या आतल्या गल्ल्यांत गोऱ्यांनी मागे टाकलेलं काय वाट्टेल ते मिळे. बंदुकीच्या पेट्या, पियानोच्या पट्ट्या, कुणाकुणाचे दात. एका दुकानात दोरीवर हँडलं टांगली होती, खाटकाकडे असावीत तशी. व्यासराव एकेक उतरवून घेत, समोर धरून उभे राहत आणि डोळे मिटत. तसेच कितीतरी वेळ. भोवती धक्काबुक्की, हमाल ओरडतायत, आणि हा मनुष्य हवेत सायकल धरून समाधी लावून उभा.

मी म्हटलं, "अहो, डोळे उघडून तरी बघा. ते चकचकीत आहे ना, ते घ्या आणि चला."

"डोळे लबाड असतात, अक्का," ते तसेच म्हणाले. "चमक दिसली कीं भुलतात. हातास विचारावें. हात खोटें बोलत नाही."

शेवटी एक निवडलं. हलक्या धातूचं, पुसट झालेलं, रुंद आणि उथळ. डोळे उघडले तेव्हा चेहरा असा, जणू मुलगी बघायला गेले आणि पसंत पडली. "ह्यावर हातास कांहींच वाटत नाही," म्हणाले. "मुळींच टोचत नाही." अंबुजाने सुटकेचा श्वास टाकला. मीदेखील देवाला हात जोडले, खोटं कशाला सांगू? वाटलं, सुटली एकदाची त्या करंगळीची कटकट.

शर्यत पूनमल्ली रस्त्यावर एका चिंचेखाली संपायची. मी, अंबुजा आणि तिची मुलगी दहीभात आणि ताक घेऊन जाऊन बसलो होतो. तिथेच एका खुर्चीवर एक म्हातारे डॉक्टर आयोडीनची बाटली आणि पट्ट्या घेऊन बसलेले, पडलेल्या पोरांसाठी. ऊन चढलं, लांबून धूळ दिसली, आणि व्यासराव दुसरे आले. दुसरे! पुढे फक्त एक विशीतला पोरगा. डिकॉस्टाने ती सिगारेट चक्क थुंकली आणि त्यांना मिठी मारली. व्यासरावांचा आनंद काय सांगू? धापा टाकत आमच्याकडे आले.

"अक्का, हँडल सापडलें! एवढी वाट गेलों, हात एकदां देखील दुखला नाही."

डिकॉस्टाने कौतुकाने हँडलाला थोपटलं आणि हात मागे घेतला. बोटं लाल होती. उजव्या बाजूची पांढरी फीत भिजून चिकट झाली होती. त्याने ती सोडवली. खाली ब्रेकच्या पट्टीचा एक स्क्रू सैल होऊन वर आला होता, चांगला नखभर. सगळी शर्यत तो व्यासरावांच्या तळव्यात रुतत आला होता. तळवा उघडा केला तर आतलं मांस दिसत होतं.

व्यासराव दुसऱ्या कुणाचा असावा तसा तो हात बघत राहिले.

डॉक्टरांनी खुर्चीवर बसवून आयोडीन ओतलं. व्यासरावांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. भोवतीची पोरं ओरडली, शाबास, काय धीर आहे! डॉक्टरांनी मात्र बाटली खाली ठेवली. त्यांनी पोरांना हाकललं. व्यासरावांची बाही वर सारली, तो चट्टा बघितला, मग कोपराच्या मागे बोटाने काहीतरी चाचपलं, जाड दोर चाचपावा तसं. बाटलीच्या बुचापाशी कापूस होता, त्याची वात वळली.

"डोळे मिट," म्हणाले तमिळमध्ये. "मी शिवलो की सांग."

व्यासरावांनी डोळे मिटले. डोळे मिटून हाताला विचारायची त्यांना सवयच होती. डॉक्टरांनी वात करंगळीला लावली. मग शेजारच्या बोटाला. मग तळव्याच्या कडेला, मनगटाला, त्या चट्ट्यावर. पुन्हा करंगळीला. व्यासराव शहाण्या मुलासारखे बसलेले, तोंडावर अजून शर्यतीचं हसू. जरा वेळाने म्हणाले, "करा कीं सुरू, डॉक्टर."

अंबुजाने माझा दंड धरला. तिची नखं रुतली ती मला अजून आठवतात, कारण मला ती लागली.

डॉक्टरांनी डोळे उघडायला सांगितलं आणि विचारलं, "हे सुरू झाल्यापासून काय करत होतास तू?"

"हँडल बदलत होतों," व्यासराव म्हणाले.

महारोग. आता लोक कुष्ठ म्हणतात, शब्द मऊ झाला. तेव्हा हाच शब्द होता आणि तो तिकडच्या तमिळमध्येही असाच दगडासारखा होता. डॉक्टर भला माणूस. त्यांनी समजावलं, आता गोळ्या आहेत, रोग थांबेल, गोळ्या चालू असताना घरच्यांना भीती नाही. पण जी शीर मेली ती मेली. करंगळी पहिल्यांदा झोपली तेव्हा आला असतास तर, इतकंच म्हणाले. डिकॉस्टा लांब उभा होता. मघाची लाल बोटं तो धोतराच्या सोग्याला पुसावीत तशी पँटला पुसत होता, पुसतच होता. त्याला काही बोल लावत नाही मी. पण त्यानंतरच्या रविवारी तो कॉफीला आला नाही, आणि कधीच आला नाही.

बातमीला काय पाय लागतात! घरमालक टी. नगरला राहायचा, भाडं न्यायलासुद्धा माणूस पाठवी. तो स्वतः आला. फाटकाच्या आत पाऊल टाकलं नाही. रस्त्यावरूनच दोन्ही हात जोडून अतिशय सभ्यपणे म्हणाला, घर रिकामं करा. शिव्या दिल्या असत्या तर मी भांडले असते. सभ्य माणसाशी भांडायचं कसं? आमच्या ह्यांनी मला घरात येऊन हळूच सांगितलं, व्यासरावांचा पेला वेगळा ठेव. मी तोंडाने हो म्हटलं आणि पेला आमच्याच पेल्यांत ठेवला. एवढंच माझ्याने झालं.

कुंभकोणमहून अंबुजाचा भाऊ आला. तोही वाईट नव्हता, जळला मेला तो चांगुलपणा. बहिणीला म्हणाला, "तूं राहतें म्हणतेस, राहा. मुलीस कोण करून घेईल?" अंबुजा रात्रंदिवस रडून कोरडी झाली होती. डॉक्टरांचं सगळं तिला समजलं होतं, माझ्यापेक्षा चांगलं समजलं होतं. पण ह्या प्रश्नाला डॉक्टरांकडे गोळी नव्हती. व्यासरावच मेहुण्याला म्हणाले, "ने. बरा होऊन मीच येतों बोलावण्यास." निघताना मुलगी नेहमीप्रमाणे सायकलीच्या दांडीवर बसायला धावली, तर मामाने तिला मागून उचललं. व्यासरावांनी सायकल भिंतीकडे वळवली.

मग ते चिंगलपेटच्या बाजूला एका दवाखान्यात राहायला गेले. बसवाल्याने घेतलं नसतं असं नाही, पण त्यांनी विचारलंच नाही. हाताला पट्टी होती, तरी सायकलनेच गेले. आदल्या दिवशी अंगणात बसून त्यांनी ती रक्ताळलेली फीत काढली, तो स्क्रू पक्का पिळला आणि नवी पांढरी फीत गुंडाळली, डाव्या हाताने आणि दातांनी. मी करू का म्हटलं. "परवायिल्लै, अक्का," म्हणाले. असू द्या. मी ओट्यावर बसून बघत राहिले. कढ आवरता येईना तेव्हा आत जाऊन उगाच डाळ निवडली.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी आमची बदली पुण्याकडे झाली. निघण्याआधी मी ह्यांच्या मागे लागून चिंगलपेटला गेले. दवाखाना गावाबाहेर, रस्त्याला लागून, भोवती ताडाची झाडं. व्यासराव फाटकाशी आले. रोग थांबला होता. तब्येत बरी दिसली. पण उजव्या हाताची बोटं आत वळली होती, पंजा मिटवताना मध्येच थांबावा तशी, आणि ती उघडत नव्हती. आमच्या पुढ्यात हात मागे धरून उभे राहिले. पूर्वी ह्यांच्या पाठीवर थाप मारल्याशिवाय बोलत नसत. आता चार हात लांब उभे. ह्यांनी पुढे होऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा मला माझ्या नवऱ्याचा जितका अभिमान वाटला तितका आधी कधी वाटला नव्हता.

अंबुजाचं विचारलं. "आहे, कुंभकोणांतच. मुलगी शाळेंत जाते." आणि मग, "बोलावूं कसें, अक्का? हात दिसतो कीं."

सायकल तिथेच होती, तेच हँडल. मला दाखवायला त्यांनी ती वाकडी बोटं हँडलाच्या खालच्या वळणात अडकवली. ती तिथे अगदी बरोबर बसली. "पाहा," ते म्हणाले, "आतां निवडण्याचें काम नाही. हातानेंच हँडलाचें माप घेतलें." हसले ते. मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "व्यासराव, सांभाळून. पुन्हा काही टोचलं तर?"

"म्हणून थांबून थांबून पाहतों. इथें तसा नियमच आहे. आतां डोळ्यांस विचारतों, अक्का. हात लबाड झाला."

आमची बस आली. आम्ही मागच्या बाकावर बसलो. व्यासरावांची जुनी खोड, बसच्या मागे राहून वाऱ्याचा आडोसा घेत सायकल हाणायची. तसेच आमच्या मागे निघाले. ओणवे, पाठ सपाट, पाय फिरतायत. धुळीतून चेहरा दिसत होता आणि खोटं नाही सांगत, तो शर्यतीतलाच चेहरा होता. एका उताराशी त्यांनी डावा हात वर केला. उजवा हँडलात तसाच अडकलेला. मग ते मागे पडले. मी वळून काचेला नाक लावलं. त्यांनी रस्त्याच्या कडेला पाय टेकला, डाव्या हाताने उजवा हात हँडलातून सोडवून डोळ्यांजवळ धरला आणि उन्हात उलटा सुलटा करून बघू लागले. बस वळेपर्यंत ते बघतच होते.